देवांच्या मृत्यूनंतरची माणसे : 'द शॅडो ऑफ द गॉड्स' या कादंबरीचे वाचन

प्रास्ताविक

जॉन ग्विन या ब्रिटिश कादंबरीकाराची 'द शॅडो ऑफ द गॉड्स' ही कादंबरी २०२१ मध्ये ऑर्बिट या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. 'ब्लडस्वॉर्न सागा' या त्रिखंडात्मक मालेचा हा पहिला खंड होय. 'द हंगर ऑफ द गॉड्स' (२०२२) आणि 'द फ्युरी ऑफ द गॉड्स' (२०२४) या पुढील दोन खंडांनी ही माला पूर्ण झाली. प्रस्तुत लेखात केवळ पहिल्या खंडाचा विचार करावयाचा आहे. तो करताना कथानकातील काही रहस्ये उघड करणे अपरिहार्य आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

पदवी वर्गातील एका विद्यार्थ्याने हे जाडजूड पुस्तक प्रस्तुत लेखिकेस दाखविले आणि एक प्रश्न विचारला : "मॅडम, यातले देव खरे आहेत की लेखकाने रचलेले?" प्रश्न वरवर पाहता साधा आहे. नॉर्स पुराणकथांशी ज्याचा परिचय केवळ थॉर आणि लोकी यांच्या चित्रपटांतून झाला आहे, अशा वाचकाला तो पडणारच. या कादंबरीत ओडिन नाही, थॉर नाही, लोकीही नाही. आहेत ते स्नाका नावाचा सर्प, उल्फ्रिर नावाचा लांडगा, बर्सर नावाचे अस्वल, ओर्ना नावाची गरुडी, हुंदुर नावाचा श्वान आणि लिक-रिफा नावाची ड्रॅगन. यांपैकी एकही नाव एड्डा या मूळ ग्रंथांतील देवमालिकेत सापडत नाही. तरीही पुस्तक हाती घेताच ते नॉर्स आहे असे वाटते. हे कशामुळे घडते, आणि मूळ सामग्रीत लेखकाने नेमका कोणता बदल केला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या अध्यापकवर्गात या प्रकारच्या कादंबऱ्यांकडे 'वेळ घालविण्याचे वाचन' म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे म्हणता येणार नाही, कारण या प्रकारातील पुष्कळसे लेखन खरोखरच तसे असते. तथापि आपले विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेर स्वेच्छेने जे वाचतात, ते आपण न वाचताच बाजूला सारावे हे अध्यापकास शोभणारे नाही.

मूळ स्रोतांविषयी

नॉर्स पुराणकथांचे आपले ज्ञान प्रामुख्याने दोन ग्रंथांवर उभे आहे. पहिला म्हणजे 'पद्य एड्डा'. हा प्राचीन कवितांचा संग्रह असून त्याचे सर्वांत महत्त्वाचे हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, सुमारे १२७० च्या दरम्यान आइसलंडमध्ये लिहिले गेले. १६६२ मध्ये ते डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि १९७१ मध्ये आइसलंडला परत आले. दुसरा ग्रंथ म्हणजे 'गद्य एड्डा'. तो स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) या आइसलंडमधील सरदार, कवी व इतिहासकाराने सुमारे १२२० मध्ये रचला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आइसलंडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे हे दोन्ही ग्रंथ लिहिले गेले तेव्हा ज्या देवांच्या कथा त्यांत आहेत त्या देवांची पूजा थांबून दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. नॉर्स पुराणकथा आपल्यापर्यंत पोहोचतात त्या अशा लोकांच्या लेखणीतून, ज्यांच्या दृष्टीने ते देव आधीच संपलेले होते.

याशिवाय आइसलंडच्या गद्य सागा आहेत. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या या कथांत नवव्या ते अकराव्या शतकांतील कुटुंबे, त्यांची वैरे, न्यायसभा, समुद्रप्रवास आणि सूड यांचे वर्णन येते. त्यांची शैली कोरडी, संयमी असते. पात्राच्या मनात काय चालले आहे हे निवेदक क्वचितच सांगतो. ग्विन यांनी कथानकाचा सांगाडा एड्डांतून घेतला असला, तरी माणसांची वागणूक त्यांनी सागांतून घेतली आहे. सूड, शपथ, द्वंद्व आणि गमावलेले कुटुंब हेच तेथील चलन आहे.

घडून गेलेले राग्नारोक

एड्डांमधील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे राग्नारोक, अर्थात देवांचा अंत. 'व्होलुस्पा' या कवितेत एक भविष्यवेत्ती स्त्री तो ओडिनला सांगते. लांडगा ओडिनला गिळेल, थॉर सर्पाला मारून स्वतःही मरेल, सूर्य काळवंडेल, पृथ्वी समुद्रात बुडेल. हे सारे भविष्यकाळात आहे. नॉर्स देव मृत्यूची तारीख ठाऊक नसलेल्या, परंतु मृत्यू अटळ असल्याचे पक्के ठाऊक असलेल्या माणसांसारखे जगतात, आणि त्यांच्या कथांना जो करडेपणा आहे तो येथून येतो. या अंतिम युद्धाचे मैदान म्हणून 'विग्रिद' हे नाव एड्डांत आढळते. ते चारही दिशांना शंभर कोस पसरलेले आहे, असे तेथे सांगितले आहे.

ग्विन यांनी हेच नाव उचलले आणि त्याला एका संपूर्ण देशाचे नाव केले. त्यांच्या कादंबरीचा प्रारंभ होतो तेव्हा देवांचे युद्ध होऊन २९७ वर्षे उलटून गेली आहेत. देवांनी एकमेकांना ठार केले, भूमी दुभंगली, आणि उरलेली माणसे त्या अवशेषांवर शेती, मासेमारी आणि लढाया करीत जगत आहेत. या कालखंडाला ते 'शांतीचे युग' म्हणतात. हे नाव किती उपरोधिक आहे ते पहिल्या काही प्रकरणांतच स्पष्ट होते.

हा बदल केवळ कथानकाच्या सोयीचा नाही. एड्डांत राग्नारोकनंतर काय होते याचे वर्णन फार थोडके आहे. समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते, न पेरलेली शेते पिकतात, आणि वाचलेल्या देवांना गवतात आपल्या जुन्या खेळातील सोन्याच्या सोंगट्या सापडतात. लिफ आणि लिफथ्रासिर हे मानवी जोडपे अरण्यात लपून वाचते आणि त्यांच्यापासून पुढील मानवजात निर्माण होते. विनाश आणि नवनिर्मिती यांच्यामध्ये जणू अंतरच नाही. ग्विन नेमके तेथे थांबतात आणि त्या दोन ओळींमधील पोकळीत तीन शतके घालतात. हिरवी पृथ्वी वर आली खरी, परंतु तिच्यावर मालकी कोणाची? मेलेल्या देवांचे जे उरले ते कोणाच्या वाट्याला आले? असे प्रश्न एड्डांना पडत नाहीत, या कादंबरीला ते पडतात.

'व्होलुस्पा'चे शेवटचे कडवे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. नवी पृथ्वी, सोन्याच्या छताचे सभागृह, सुखी माणसे, एवढे वर्णन झाल्यानंतर अचानक निदहोग हा काळा ड्रॅगन पंखांवर प्रेते घेऊन मैदानावरून उडत येतो, आणि कविता संपते. या कडव्याचा अर्थ काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो ड्रॅगन जुन्या जगाचा अखेरचा अवशेष आहे, की नव्या जगातही दुष्टता टिकून राहिल्याची खूण? ग्विन यांनी कोणत्या विद्वानाचे मत वाचले होते हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की, त्यांची संपूर्ण माला या एका कडव्यावर उभी करता येते. त्यांच्या लिक-रिफा या नावाचा अर्थच 'प्रेते फाडणारी' असा होतो. देवांचे युद्ध झाले तेव्हा ती एका महावृक्षाच्या मुळांखाली कोंडलेली होती, म्हणून ती मेली नाही. एड्डांतील निदहोगही यग्द्रासिल या विश्ववृक्षाच्या मुळाशी राहून ते कुरतडत असतो. पहिल्या खंडाचा शेवट लिक-रिफाच्या सुटकेत होतो. म्हणजे कविता जेथे संपते, तेथे या मालेचे पहिले पुस्तक संपते.

देवांची हाडे

स्नोरीच्या सृष्टिकथेत ओडिन आणि त्याचे भाऊ इमिर या आदिदैत्याला ठार करतात आणि त्याच्या देहापासून जग घडवितात. मांसाची माती, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश. आपल्याकडील पुरुषसूक्ताची आठवण येथे अनेकांना होईल. दोहोंतील साम्याची चर्चा तौलनिक पुराणकथाशास्त्रात दीर्घकाळ झालेली आहे, तिच्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

ग्विन यांनी ही प्रतिमा उलटी केली आहे. त्यांच्या कादंबरीत मृत देवांच्या देहांपासून जग निर्माण होत नाही, मालमत्ता निर्माण होते. स्नाका या सर्पदेवाच्या अवाढव्य कवटीच्या आत स्नाकाविक हे नगर वसलेले आहे आणि तेथून स्टोर हा जार्ल, म्हणजे सरदार, राज्य करतो. देवांचे अवशेष शोधणे हा धंदा आहे आणि ज्याच्या ताब्यात अवशेष त्याच्या हाती सत्ता. श्रद्धा येथे जवळजवळ नाहीच. कोणी स्नाकाची प्रार्थना करीत नाही, परंतु त्याच्या कवटीत राहणे मात्र प्रतिष्ठेचे आहे. मृत धर्माच्या वास्तूंवर जिवंत सत्ता कशी उभी राहते याचे हे चित्र कादंबरीत कोठेही स्पष्टीकरण न देता येते, आणि म्हणूनच ते प्रभावी झाले आहे.

गळ्यातील लोखंडी कडे

अवशेषांमध्ये हाडांइतकेच रक्तही मोडते. देवांनी माणसांशी संबंध ठेवले होते, त्यामुळे काही माणसांच्या रक्तात देवांचा अंश आहे. उल्फ्रिरच्या वंशजांना लांडग्याचे बळ, बर्सरच्या वंशजांना अस्वलाचे, हुंदुरच्या वंशजांना माग काढण्याची शक्ती. अशा माणसांना विग्रिदमध्ये 'टेन्टेड' म्हटले जाते. देवांनी जग उद्ध्वस्त केले, म्हणून त्यांचे रक्त वाहणारे लोक तिरस्कृत. त्यांना शोधून पकडले जाते, गळ्यात मंत्रसिद्ध लोखंडी कडे घालून विकले जाते, आणि मग त्यांच्याच बळावर जार्ल आपली संरक्षकदले उभारतात. तिरस्कार आणि उपयोग एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी येतात.

कादंबरीतील तीन निवेदनधारा या व्यवस्थेच्या तीन बाजू दाखवितात. प्रत्येक प्रकरणाला त्या त्या पात्राचे नाव आहे : ओर्का, वार्ग, एल्वार. ओर्का ही डोंगरात नवऱ्यासह राहणारी शिकारीण. तिचा नवरा थोरकेल मारला जातो, मुलगा ब्रेका पळविला जातो आणि ती जमिनीत पुरून ठेवलेली जुनी शस्त्रे बाहेर काढते. वार्ग हा मालकाला ठार करून पळालेला गुलाम. बहिणीच्या मृत्यूमागील सत्य शोधण्यासाठी तो 'ब्लडस्वॉर्न' या भाडोत्री योद्ध्यांच्या टोळीत शिरतो. एल्वार ही स्टोर जार्लची मुलगी. वडिलांचे घर सोडून ती 'बॅटल-ग्रिम' या टोळीत कीर्ती मिळविण्यासाठी आली आहे, आणि ही टोळी टेन्टेड माणसांना पकडून विकते. म्हणजे एक पळालेला गुलाम, एक गुलाम पकडणारी, आणि एक स्त्री जिने आपले रक्त सर्वांपासून लपविले आहे. ओर्काच्या प्रकरणांत लेखकाची पकड सर्वांत घट्ट आहे. एल्वारची प्रकरणे मध्यंतरी बरीच रेंगाळतात, आणि ढालींच्या भिंतीचे युद्ध तिसऱ्यांदा वाचताना पहिल्यासारखे वाटत नाही. ग्विन स्वतः व्हायकिंग युद्धांच्या पुनर्प्रयोगात हौसेने भाग घेतात, त्यामुळे ढाल कशी धरावी, भाल्याचे टोक कोठे असावे याचे तपशील अचूक वाटतात. अचूकपणाही कधी कधी अति होतो, इतकेच.

लोकप्रिय कल्पनेतील व्हायकिंग जगात जहाजे असतात, कुऱ्हाडी असतात, गुलाम मात्र सहसा नसतात. इतिहासात ते होते. बिर्का, हेडेबी, डब्लिन या व्यापारकेंद्रांच्या परिसरात लोखंडी बेड्या सापडल्या आहेत, आणि त्यांतील काही तरी माणसांसाठी असाव्यात असे मानले जाते. 'लांदनामाबोक' या आइसलंडच्या वसाहतीच्या नोंदवहीत ह्योर्लेइफची हकिकत आहे. इ.स. ८७४ च्या सुमारास आलेला हा वसाहतकार. त्याच्याजवळ एकच बैल होता, म्हणून त्याने आपल्या आयरिश गुलामांना नांगराला जुंपले. गुलामांनी त्याला ठार केले आणि ते जवळच्या बेटांवर पळाले. त्याचा शपथबंधू इंगोल्फ याने तेथे जाऊन त्यांना मारले. आयरिश लोकांना 'पश्चिमेचे लोक' म्हणत असल्याने त्या बेटांना 'वेस्टमन बेटे' हे नाव पडले, आणि ते आजही टिकून आहे. 'लाक्सडेला सागा'त होस्कुल्ड एका व्यापाऱ्याकडून स्त्री विकत घेतो. पडद्यामागे बारा स्त्रिया बसविलेल्या असतात. प्रत्येकीची किंमत चांदीचा एक मार्क, आणि हिची तीन. ती मुकी आहे असे व्यापारी सांगतो. पुढे एके सकाळी होस्कुल्डला ती आपल्या लहान मुलाशी बोलताना आढळते. ती आयरिश राजकन्या मेल्कोर्का असते. तिचे मौन हा तिच्या हाती उरलेला एकमेव नकार होता. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी झालेल्या जनुकीय अभ्यासांतही आइसलंडच्या लोकांच्या मातृवंशांपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश बेटांकडे जात असल्याचे आढळले, तर पितृवंश बहुतांशी स्कँडिनेव्हियाचे. यांतील सर्वच स्त्रिया गुलाम म्हणून आल्या असे मानण्याचे कारण नाही, पण मेल्कोर्का एकटी नव्हती हे उघड आहे.

सागांत गुलाम येतात ते असे, एखाद्या प्रकरणापुरते. 'रिग्सथुला' या कवितेत तर गुलामगिरीला दैवी उत्पत्ती दिलेली आहे. रिग हा देव तीन घरांत पाहुणा म्हणून राहतो आणि त्यातून थ्रॅल म्हणजे गुलाम, कार्ल म्हणजे स्वतंत्र शेतकरी, आणि जार्ल म्हणजे सरदार यांचे वंश निर्माण होतात. थ्रॅल काळसर, वाकलेल्या पाठीचा, जाड बोटांचा. जार्ल गौर आणि तेजस्वी. थ्रॅलच्या मुलांना ठेवलेली नावे म्हणजे शिव्याच होत. शेतात खत टाकणे, डुकरे राखणे ही त्यांची कामे. फ्रेंच विद्वान जॉर्ज ड्युमेझील यांनी या कवितेची सांगड इंडो-युरोपीय समाजाच्या त्रिविध रचनेशी घालण्याचा प्रयत्न केला होता. भारतीय वाचकाला वर्णव्यवस्था आठवणे स्वाभाविक आहे. मात्र 'रिग्सथुला'त पुरोहितवर्ग नाही आणि सर्वांत खालचा वर्गही त्याच देवापासून झालेला आहे, हे दोन फरक विसरून तुलना करू नये.

ग्विन यांनी काय केले ते या पार्श्वभूमीवर समजते. सागांच्या कडेला उभा असलेला थ्रॅल त्यांनी कथेच्या मध्यभागी आणला आणि 'रिग्सथुला'चा तर्क उलटा फिरविला. तेथे देवाच्या अंशाने जार्ल जार्ल होतो. येथे देवाच्या अंशाने माणूस गुलाम होतो.

रक्ताचा प्रश्न

हा उलटफेर धाडसाचा आहे, कारण नॉर्स पुराणकथा आणि 'रक्त' यांचा संबंध युरोपच्या इतिहासात अत्यंत घातक ठरलेला आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन राष्ट्रवादाने या कथांत आपला वंशाभिमान शोधला. नाझी राजवटीने तिची रूनलिपी आपल्या गणवेशांवर चढविली. आजही युरोप-अमेरिकेतील वंशवादी गट थॉरचा हातोडा चिन्ह म्हणून वापरताना दिसतात. अशा वेळी नॉर्स कादंबरी लिहून तिच्या केंद्रस्थानी दैवी रक्त ठेवणे म्हणजे निखाऱ्यावरून चालणेच होय. ग्विन ते चालतात, आणि दैवी रक्त हा अभिमान नसून गळ्यातले कडे आहे असे दाखवितात. येथपर्यंत त्यांचे कौतुक केले पाहिजे.

परंतु शंका येथेच सुरू होते. वार्ग हा साधा गुलाम नाही, त्याच्याही अंगात लांडग्याचे रक्त आहे असे पुढे निष्पन्न होते. ('वार्ग' या जुन्या नॉर्स शब्दाचे दोन अर्थ आहेत : लांडगा आणि समाजबहिष्कृत. लेखकाने नाव ठेवतानाच उत्तर देऊन ठेवले होते.) ओर्काही तशीच. तिनेच पूर्वी ब्लडस्वॉर्न टोळीचे नेतृत्व केले होते, हे शेवटी उघड होते. त्या टोळीतील योद्धे टेन्टेड आहेत, हेही कळते. मग ज्या थ्रॅलच्या अंगात कोणत्याही देवाचा अंश नाही, केवळ कर्जामुळे किंवा पराभवामुळे जो गुलाम झाला, त्याचे काय? तो या खंडात आहे, पण पाणी आणून देण्यापुरता, वल्ही मारण्यापुरता. सूड घेण्याचे सामर्थ्य ज्याच्या रक्तात आहे त्याच्याच गुलामगिरीची कथा होते. प्रस्तुत लेखिकेच्या मते हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो गतिमान कथानकाखाली सहज झाकला जातो.

या संदर्भात 'एगिलची सागा' आठवते. योद्ध्याच्या अंगी येणारे पशुबळ वंशपरंपरेने चालते, ही कल्पना ग्विन यांची नाही. ती या सागेत आहे. क्वेल्दुल्फ, म्हणजे 'सायंकाळचा लांडगा', हा रूप पालटणारा मानला जाई. त्याचा मुलगा स्कालाग्रिम. एका संध्याकाळी चेंडूच्या खेळात स्कालाग्रिमच्या अंगात सूर्यास्ताबरोबर ते बळ संचारते. तो मुलाच्या मित्राला ठार करतो आणि स्वतःच्या मुलाला, एगिलला, धरतो. तेव्हा थोरगेर्द ब्राक ही दासी, जिने एगिलला वाढविलेले असते, त्याच्यावर ओरडते : आपल्याच मुलावर धावता? तो मुलाला सोडून तिच्यामागे लागतो. ती कड्यावरून पाण्यात उडी घेते. तो मोठा दगड तिच्या पाठीत मारतो, आणि ती पुन्हा वर येत नाही. त्या सामुद्रधुनीला 'ब्राकची खाडी' असे नाव पडले.

देवाचे किंवा लांडग्याचे कोणतेही रक्त नसलेल्या, गुलाम असलेल्या एका स्त्रीने लांडग्याच्या तावडीतून मूल सोडविले. सागेने तिला अर्धे पान दिले, पण त्या अर्ध्या पानात जे आहे ते 'द शॅडो ऑफ द गॉड्स'च्या शेकडो पानांत सापडत नाही. ओर्का ही आई म्हणून कितीही प्रभावी असली, तरी तिच्या हाती कुऱ्हाड आहे आणि अंगात लांडगा.

शब्दांचा प्रश्न

आता विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. देव जर रचलेले आहेत, तर हे पुस्तक नॉर्स कशामुळे वाटते? बहुतांशी शब्दांमुळे. ग्विन अनेक शब्द इंग्रजीत न आणता तसेच ठेवतात. कड्यांच्या चिलखताला 'ब्रिन्या', द्वंद्वाला 'होल्मगांगा', जादूच्या दोन प्रकारांना 'सेद' आणि 'गाल्दुर', योद्ध्याला 'द्रेंगर'. या शेवटच्या शब्दाचा उपयोग विशेष पाहण्यासारखा आहे. सागांत आणि शिलालेखांत 'द्रेंगर' म्हणजे शब्दाचा पक्का, मर्द माणूस. कादंबरीत हा किताब मिरविणारा गुद्वार हा भित्रा आणि बढाईखोर आहे, आणि जी खरी त्या शब्दाला पात्र, ती ओर्का, त्या किताबापासून दूर डोंगरात राहते.

सर्वच शब्द एकाच काळचे नाहीत. 'वेसेन', म्हणजे भूतप्रेतसदृश जीव, हा शब्द एड्डांतला नव्हे, तो अलीकडच्या स्कँडिनेव्हियन लोककथांच्या परिभाषेतला. 'सीक्स' हा सुरा मुळात जुन्या इंग्रजीतला. ब्रेका हे नाव तर 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातील, तेथे तो बेवुल्फशी पोहण्याची पैज लावणारा तरुण आहे. ओर्काबरोबर निघालेल्या दोन कोळी भावांपैकी एकाचे नाव लिफ, हे राग्नारोकमधून वाचलेल्या मानवाचे नाव. 'नॉर्स' म्हणून जे आपल्यापुढे येते ते असे अनेक शतकांचे आणि दोन-तीन भाषांचे मिश्रण असते. त्यात काही गैर नाही. टोल्किन यांनीही बुटक्यांची नावे आणि गँडाल्फ हे नाव 'व्होलुस्पा'तील नामावलीतूनच घेतले होते. वाचकाने एवढेच पाहावे की कोणती गोष्ट स्रोतातली, कोणती बदललेली आणि कोणती नवी. हा अभ्यास वर्गात एका तासात करून घेता येतो, आणि विद्यार्थी तो आनंदाने करतात असा अनुभव आहे.

त्या विद्यार्थ्याने पुढे एका प्रकरणाचा मराठी अनुवाद करून आणला. 'ब्रिन्या', 'द्रेंगर' त्याने तसेच ठेवले होते, ते योग्यच. अडचण आली ती 'टेन्टेड' या साध्या इंग्रजी शब्दाशी. त्याने 'कलंकित' असे लिहिले होते. परंतु कलंक हा आचरणाने लागतो, आणि त्याला नीतीचा वास आहे. 'दूषित' हा शब्द पाण्याला, हवेला लावतात. 'बाटलेले' हा शब्द जवळचा वाटतो, पण माणूस बाटतो तो हयातीत, कोणाच्या स्पर्शाने किंवा काही खाल्ल्याने. जन्मतःच बाटलेला असा अर्थ त्यातून निघत नाही. 'विटाळ' या शब्दात जन्म आहे, स्पर्श आहे, आणि आपल्या समाजाचा सारा इतिहासही आहे. तो वापरला तर विग्रिदमधील लोखंडी कडे मराठी वाचकाला फार लवकर ओळखीचे वाटेल. हे अनुवादाला साह्यभूत होईल की अनुवाद मूळ भूमी सोडून दुसरीकडेच जाईल, याचा निर्णय आम्हा दोघांनाही करता आला नाही. सध्या त्याच्या वहीत तेथे 'कलंकित' खोडलेले आहे आणि जागा रिकामी आहे.